सायकलिंगचे कपडे दुकानात घालून पाहताना नेमके काय तपासावे? (ठाणे परिसर)

उपवनची_वाट

नमस्कार. मी ठाण्यात राहते, वय पन्नाशीच्या पुढे आहे आणि गेल्या हिवाळ्यापासून नियमित सायकल चालवते. सायकल सरळ हँडलची साधी हायब्रिड आहे. एरवी सकाळी उपवनपासून येऊरचा चढ आणि रविवारी घोडबंदर रस्त्याने गायमुखपर्यंत जाऊन परत, असा माझा क्रम असतो. आतापर्यंत सुती ट्रॅक पँट आणि टी-शर्ट यांवर भागत होते. मात्र अंतर वाढवायला लागल्यापासून दोन तक्रारी सुरू झाल्या आहेत. तासाभरानंतर मांडीच्या आतल्या बाजूला कापड काचते, आणि कधी कधी बसण्याची जागा बधिर झाल्यासारखी वाटते.

म्हणून अलीकडेच एका सायकलच्या दुकानात पॅडेड शॉर्ट्स, म्हणजे बसण्याच्या जागी आतून गादीसारखे पॅड शिवलेल्या शॉर्ट्स, पाहायला गेले होते. विक्रेत्याने माझ्या कमरेकडे पाहून एक माप काढून दिले आणि सुरुवातीला जाड पॅडच घ्या, असे सांगितले. ट्रायल रूम इतकी अरुंद होती की वाकायलाही जागा नव्हती. उभ्याने आरशात पाहिले तर शॉर्ट्स मांडीवर घट्ट वाटत होती आणि पॅड मात्र मागे लोंबल्यासारखे दिसत होते. एक माप मोठे मागून घेतले, तर ते उभ्याने अगदी सोयीचे वाटले. दोहोंपैकी बरोबर कोणते हे ठरवता न आल्यामुळे काहीच न घेता परतले.

जाणकारांनी कृपया सांगावे की असे कपडे किती घट्ट असायला हवेत, पॅड जाड असणे खरोखरच चांगले असते का, आणि दुकानातल्या दहा-पंधरा मिनिटांत हे सारे पारखायचे कसे. खांद्यावरून पट्टे असलेली बिब शॉर्ट्स माझ्या वयाच्या स्त्रीला सोयीची ठरेल का, हेही जाणून घ्यायचे आहे. शिवाय नुसती अंगाला चिकटलेली शॉर्ट्स घालून रस्त्यावर वावरणे मला संकोचाचे वाटते. वरून दुसरे काही घातले तर तिचा उपयोग कमी होतो का?

पामबीचचा_प्रवासी

नमस्कार ताई. आपण न घेता परतलात हे योग्यच केलेत, कारण सायकलचे कपडे उभ्या माणसासाठी बेतलेलेच नसतात. पुढे झुकलेल्या आणि गुडघे सतत वर-खाली होत असलेल्या शरीरासाठी त्यांचे कापड कापलेले असते. जर्सीचा पुढचा भाग आखूड आणि पाठीकडचा लांब का असतो, बिबचे पट्टे उभे राहिल्यावर खांदे खाली का ओढतात आणि पॅड मागे लोंबल्यासारखे का दिसते, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर तेच आहे. त्यामुळे आरशासमोर ताठ उभे राहून घेतलेला निर्णय हमखास एक माप मोठे घेण्याकडे झुकतो.

ट्रायल रूम अरुंद असेल तर निःसंकोच बाहेर यावे आणि एखाद्या काउंटरवर दोन्ही हात ठेवून, हँडल धरल्यासारखे पुढे वाकावे. त्या स्थितीत एकेक गुडघा कमरेपर्यंत उचलून पाहावा. पॅड त्वचेला सगळीकडून टेकलेले राहिले पाहिजे. ते मध्येच दुमडत असेल किंवा त्याच्या आणि त्वचेच्या मध्ये पोकळी राहत असेल, तर ते माप किंवा तो आकार आपला नाही. मांडीच्या पट्टीखाली एक बोट सहज सरकावे, पण गुडघा उचलल्यावर पट्टी वर चढू नये आणि तिच्या कडेने मांस फुगून बाहेर येऊ नये. कंबरेचे इलॅस्टिक वाकल्यावर पोटात रुतले किंवा गुंडाळले गेले, तर ते रस्त्यावर प्रत्येक चढाला जाणवणार. एवढे सगळे ठीक असेल आणि उभे राहिल्यावर तेवढे आवळल्यासारखे वाटत असेल, तर ते माप बहुधा बरोबर असते.

सैल माप का नको, याचा हिशेब अगदी सोपा आहे. मिनिटाला ७० वेळा पायडल फिरवले तरी तासाभरात पाय ४,२०० वेळा फिरतो. पॅड जागचे हलत असेल, तर तेवढ्या वेळा ते त्वचेवर घासले जाते. आपल्या सुती पँटचेही तेच होते. शिवाय सुती कापड घाम शोषून स्वतःजवळच ठेवते, ओल्या त्वचेवर घर्षण अधिक होते आणि आपल्याकडच्या दमट हवेत तो ओलावा लवकर उडून जात नाही. पॉलिस्टर किंवा नायलॉनमध्ये लायक्रा मिसळलेले कापड घाम पसरवते आणि अंगाबरोबर ताणले जाते, म्हणून ते काचत नाही.

पॅडच्या जाडीबद्दल विक्रेत्याने दिलेला सल्ला मला पटत नाही. अंगठ्याने दाबून मऊ लागणारा फोम आपल्या वजनाखाली पूर्ण दबतो आणि मग तो असून नसल्यासारखाच होतो. महत्त्वाची असते ती फोमची घनता, आणि चांगल्या पॅडमध्ये बैठकीच्या हाडांखालचा भाग घट्ट व बाकीचा पातळ असतो. हा घट्ट भाग कोठे आहे तेही पाहावे. सरळ हँडलच्या सायकलवर आपण बरेच ताठ बसतो, भार मागे येतो, म्हणून तो भागही मागे हवा. वाकडे हँडल खाली धरून चालवणाऱ्यांच्या शॉर्ट्समध्ये तो पुढे सरकवलेला असतो. हायब्रिडवाल्याने शर्यतीच्या प्रकारची महागडी शॉर्ट्स घेतली, तर पैसे जास्त जातात आणि आराम कमी मिळतो.

खारघरची_फिजिओ

मापाविषयी वर जे लिहिले आहे त्याच्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. मात्र मूळ प्रश्नातल्या दोन तक्रारी एकाच कारणाच्या नाहीत, आणि येथे त्या एकत्र झाल्या आहेत असे मला वाटते. काचणे हा कपड्यांचा प्रश्न आहे. बधिरता हा बहुतेक वेळा सीटचा प्रश्न असतो, आणि तो शॉर्ट्स बदलून सुटेलच अशी अपेक्षा ठेवू नये.

बसताना आपला भार ओटीपोटाच्या सांगाड्याच्या खालच्या दोन उंचवट्यांवर, म्हणजे बैठकीच्या हाडांवर यायला हवा. त्यांच्या मधल्या मऊ भागातून प्युडेंडल नावाची मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या जातात. भार तेथे पडला की मुंग्या येतात किंवा संवेदना कमी होते. सीटचे टोक वर उचललेले असणे, सीट बैठकीच्या हाडांपेक्षा अरुंद असणे, किंवा ती इतकी उंच असणे की प्रत्येक पायडलला कंबर डावी-उजवीकडे झुलते, ही त्याची नेहमीची कारणे. चौथे कारण आमच्याकडे येणाऱ्यांत फार दिसते, ते म्हणजे सीटवर चढवलेले मऊ जेलचे कव्हर. हाडे त्यात खाली रुततात आणि मधला जेल वर येऊन नेमका नाजूक भागावरच दाब देतो. त्यावर पुन्हा जाड पॅडची शॉर्ट्स घातली, तर त्रास कमी होण्याऐवजी वाढू शकतो.

म्हणून ताई, दुकानात जाण्यापूर्वी घरी दोन गोष्टी करून पाहाव्यात. खोक्याच्या पन्हाळी पुठ्ठ्याचा तुकडा कडक स्टुलावर ठेवून त्यावर पाय थोडे उंच करून बसावे आणि किंचित पुढे वाकावे. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांतले अंतर मोजावे. सीटचा रुंद भाग त्या अंतरापेक्षा साधारण दोन ते अडीच सेंटिमीटरने अधिक हवा, आणि आपल्यासारख्या ताठ बसणाऱ्या चालकाला याहून थोडा जास्तही चालतो. दुसरे म्हणजे भिंतीला टेकून सायकलवर बसावे, टाच पायडलवर ठेवावी आणि पायडल सर्वांत खाली न्यावे. तेव्हा पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप हलका बाक राहतो. सीट पाण्याच्या पातळीसारखी सपाट ठेवून सुरुवात करावी. चालवताना दर दहा-पंधरा मिनिटांनी काही क्षण सीटवरून उठावे, येऊरच्या चढावर तर ते सहजच जमते. सायकलवरून उतरल्यानंतरही बधिरपणा तासन्तास टिकत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

आता स्त्रियांच्या दृष्टीने काही. स्त्रियांची बैठकीची हाडे सरासरीने अधिक अंतरावर असतात, त्यामुळे त्यांच्यासाठीचे पॅड मागे रुंद आणि पुढे आखूड असते. केवळ लहान माप आहे म्हणून पुरुषांची शॉर्ट्स हातात ठेवली जात असेल, तर ती घेऊ नये. पॅडेड शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालायचे नसते, कारण त्याच्या शिवणी नेमक्या पॅड आणि त्वचा यांच्या मध्ये येतात आणि सगळा खटाटोप व्यर्थ जातो. मासिक पाळीच्या दिवसांत सॅनिटरी नॅपकिनच्या कडा अशाच घासतात. ज्यांना मेन्स्ट्रुअल कप वापरणे जमते त्यांना सायकलवर तो अधिक सुखाचा पडतो.

बिबबद्दल विचारले आहे. पोटावर इलॅस्टिक नसणे आणि पॅड जागच्या जागी राहणे हे तिचे दोन मोठे फायदे आहेत. पण स्वच्छतागृहात जाण्यासाठी जर्सी काढून पट्टे उतरवावे लागतात, आणि आपल्या महामार्गांवरची स्वच्छतागृहे पाहता हे स्त्रियांसाठी फार गैरसोयीचे आहे. मागे झिप किंवा मानेपाशी उघडणारी कडी असलेल्या बिब मिळतात. तशी मिळाली तर विचार करावा, आणि दुकानातच पट्टे न काढता ती खाली करून पाहावी. नाही तर रुंद, सपाट कमरपट्टीची साधी शॉर्ट्सच आपल्या अंतरांना पुरेशी आहे.

वरून हलकी सैल हाफ पँट किंवा थ्री-फोर्थ घातल्याने पॅडचा उपयोग कमी होत नाही. डोंगरी वाटांवर सायकल चालवणारे असेच दोन थर घालतात. वरच्या पँटच्या जांघेत जाड शिवण नसावी आणि ती सीटच्या टोकात अडकण्याइतकी ढगळ नसावी, एवढे पाहावे. सलवार किंवा ओढणी मात्र कटाक्षाने टाळावी. ती साखळीत किंवा चाकात अडकून होणारे अपघात गंभीर असतात.

वाशी_सायकलवाला

मी नवी मुंबईत सायकलींचे दुकान चालवतो. दुकानाचे नाव येथे घेणार नाही, पण काउंटरच्या अलीकडची बाजू सांगितली तर ग्राहकांना उपयोग होईल.

पॅडेड शॉर्ट्स दुकानात पाहताना अंतर्वस्त्रावरूनच घालून पाहाव्यात, कारण ते कपडे नंतर दुसरी कोणी व्यक्तीही घालून पाहणार असते. रस्त्यावर वापरताना मात्र वरच्या ताईंनी सांगितले आहे तसेच. याच कारणाने बहुतेक दुकाने एकदा घरी नेलेली शॉर्ट्स परत घेत नाहीत, म्हणून घाई न करता दुकानातच पुरेसा वेळ मागून घ्यावा. शनिवार-रविवारी आणि संध्याकाळी आमच्याकडे गर्दी असते. आठवड्यातल्या एखाद्या दुपारी आलात, तर विक्रेता दोन-तीन मापे काढून देईल आणि कोणी घाईही करणार नाही. स्त्रियांच्या मापांचा साठा दुकानांत कमी असतो, म्हणून येण्यापूर्वी फोन करून विचारलेले बरे.

जेथे सायकली विकल्या जातात तेथे बहुधा मागचे चाक अडकवून जागच्या जागी पायडल मारता येईल असा ट्रेनर किंवा निदान एक मजबूत स्टँड असतो. त्यावर बसून पाहू द्या, असे स्पष्ट सांगावे. शक्य असेल तर स्वतःचीच सायकल घेऊन यावे, कारण शॉर्ट्स आणि सीट यांची जोडी जमते की नाही हे दुसऱ्याच्या सीटवर कळत नाही. पाच मिनिटे पायडल मारून झाल्यावर उतरावे आणि पॅड घातले त्याच जागी आहे का, हे पाहावे. हे मागणे अवाजवी नाही. जो दुकानदार यालाही नाही म्हणतो त्याच्याकडे चांगली वस्तू असली, तरी ती आपल्याला बसते की नाही हे आपल्याला कळणार नाही.

मापासाठी जीन्सचा आकडा सांगू नये. टेपने नितंबांचा सर्वांत रुंद भाग आणि मांडीचा घेर मोजून आणावा आणि ज्या कंपनीची शॉर्ट्स आहे तिच्याच तक्त्यात पाहावे. चीन-तैवानकडच्या मापांतील एल अनेकदा युरोपीय मापांतील एमच्या जवळ येते, त्यामुळे एका कंपनीत एम बसले म्हणून दुसऱ्या कंपनीतही तेच बसेल असे नसते.

कापड पारखण्याची एक जुनी रीत आहे. शॉर्ट्सच्या आत मूठ घालून पाठीकडचा भाग ताणावा आणि उजेडाकडे धरावा. काळे कापड ताणल्यावर पांढुरके पडून पलीकडचे दिसू लागले, तर वाकल्यावरही तेच होणार. आतून शिवणींवर बोट फिरवावे. सपाट शिवण बोटाला लागत नाही, उभी शिवण लागते आणि तीच मांडीला काचते. पॅड चहूबाजूंनी एकसारखे शिवलेले असावे, कोठे सुरकुती धरलेली नसावी.

किमती हजाराच्या आतपासून पाच-सहा हजारांपर्यंत आणि त्याही वर जातात. माझे मत असे आहे की पहिल्यांदा घेणाऱ्याने सगळा संच एकदम घेऊ नये. जे काही खर्चायचे आहे ते आधी शॉर्ट्सवर खर्चावे, कारण भार तिच्यावर पडतो. जर्सीऐवजी साधा पॉलिस्टरचा टी-शर्ट काही महिने सहज चालतो. हातमोजे मात्र लवकर घ्यावेत, पडताना माणूस आधी तळवा टेकतो.

उपवनची_वाट

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या सीटचे टोक खरोखरच वर उचललेले होते आणि तिच्यावर जेलचे कव्हरही होते. कव्हर काढून सीट सपाट केल्यावर बधिरता बरीच कमी झाली आहे. काचणे अर्थातच तसेच आहे, म्हणून एका दुपारी सायकल घेऊनच दुसऱ्या दुकानात गेले. तेथे वाकून आणि पायडल मारून पाहिल्यावर दोन मापांतला फरक लगेच कळला. उभ्याने सोयीचे वाटणारे मोठे माप सीटवर बसताच बाजूला सरकत होते. स्त्रियांची, मध्यम जाडीच्या पॅडची, रुंद कमरपट्टीची शॉर्ट्स घेतली आहे आणि वरून घालायला हलकी थ्री-फोर्थ.

आता एवढेच विचारायचे आहे की ही धुवायची कशी, तिच्याबरोबर क्रीम लावणे आवश्यक असते का, आणि पावसाळ्यात काय करावे. आमच्याकडे जून ते सप्टेंबर घरातले साधे रुमालसुद्धा वाळत नाहीत.

खारघरची_फिजिओ

क्रीम सक्तीचे नाही. पूर्वी या शॉर्ट्स लोकरीच्या असत आणि आत खरे कातडे शिवलेले असे. धुऊन वाळल्यावर ते कडक होई, म्हणून त्याला मऊ करण्यासाठी क्रीम लावण्याची पद्धत पडली. आताचे पॅड कृत्रिम असते आणि त्याला त्याची गरज नसते. दोन-तीन तासांहून लांब अंतर असेल आणि त्वचा नाजूक असेल, तर घासण्याच्या जागी त्वचेवर पातळसे लावावे. पेट्रोलियम जेली टाळावी, ती पॅडमधून धुऊन निघत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे घरी आल्यावर त्याच शॉर्ट्समध्ये चहा, वर्तमानपत्र असे बसून राहू नये. आधी अंघोळ करून कोरडे सुती कपडे घालावेत. ठाणे-मुंबईच्या दमट हवेत जांघेतले गजकर्ण आणि केसांच्या मुळाशी येणाऱ्या पुळ्या यांचे मोठे कारण ओले, घट्ट कपडे हेच असते, आणि मधुमेह असेल तर याबाबत अधिकच काळजी घ्यावी लागते. एकदा घातलेली शॉर्ट्स न धुता दुसऱ्या दिवशी घालू नये.

पामबीचचा_प्रवासी

धुण्याविषयी सांगतो. शॉर्ट्स उलटी करून गार पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवावी, किंवा जाळीच्या पिशवीत घालून मशीनच्या हलक्या फेरीत टाकावी. कपडे मऊ करणारे द्रव वापरू नयेत, कारण त्यांचा थर कापडावर बसतो आणि ते घाम पसरवेनासे होते. पिळू नये, जाड टॉवेलात गुंडाळून दाबले की बरेच पाणी निघून जाते. पॅड बाहेरच्या बाजूला ठेवून सावलीत, पंख्याखाली वाळवावी. कडक उन्हाने आणि ड्रायरच्या उष्णतेने लायक्राची ताण घेण्याची ताकद लवकर जाते आणि मग मांडीच्या पट्ट्या सैल पडतात.

पावसात कोरडे राहण्याचा प्रयत्न आपल्या हवेत फारसा यशस्वी होत नाही. पूर्ण जलरोधक जॅकेटमध्ये आतून घामाने भिजणे होते. पावसाळी सरींत मी पातळ विंडचीटर घालतो आणि भिजणे स्वीकारतो, कारण पाऊस कोमट असतो; उतारावर वारा छातीला लागू नये एवढेच पाहायचे. त्यापेक्षा मागच्या चाकावर मडगार्ड बसवावे. रस्त्यावरचे चिखलाचे पाणी थेट पॅडवर उडते आणि त्यातली बारीक वाळू कोणत्याही शिवणीपेक्षा जास्त घासते.

रंगाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून भर घालतो. पावसाळी पहाटे घोडबंदर रस्त्यावर अवजड वाहनांच्या बाजूने जाताना काळी जर्सी नको. दिवसा झगझगीत पिवळा किंवा नारिंगी रंग दुरून दिसतो, पण अंधारात त्याचा उपयोग नसतो; तेथे हेडलाइटचा उजेड परतवणारी पट्टी लागते. बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत लांब पल्ला पूर्ण करण्याच्या राइडमध्ये रात्री असे परावर्तक जॅकेट सक्तीचे असते ते याचसाठी. पट्टी घोट्याला बांधली तर अधिक चांगले, कारण पायाबरोबर ती वर-खाली होते आणि मागून येणाऱ्या वाहनाच्या चालकाला पुढे सायकल आहे हे लगेच कळते. आपण वरून थ्री-फोर्थ घालणार आहात, तेव्हा उजव्या पायाला बांधलेली पट्टी कापड साखळीपासून दूरही ठेवील.

जर्सी पंख्याखाली एका रात्रीत वाळते, पॅड मात्र वाळत नाही, त्यामुळे जूनपूर्वी दुसरी शॉर्ट्स लागेलच. पण ती आत्ताच घेऊ नये. ही महिनाभर येऊरच्या चढावर आणि गायमुखच्या रस्त्यावर वापरून पाहावी, आणि कोठेही काचत नाही अशी खात्री झाली की त्याच कंपनीची, त्याच मापाची घ्यावी.